डावं मागचं चाक

अक्काच्या रागाची सगळ्या इमारतीला ओळख होती. जिन्यात कचऱ्याची पिशवी ठेवून पसार होणारे तिच्या चपलांचा आवाज आला की पिशवी उचलून पुन्हा घरात नेत. ती रुग्णालयात परिचारिका होती तेव्हा मोठमोठे डॉक्टर तिला बघून हात धुवायला पळत, असं तिच्या मागे बोललं जाई, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. तिची भावजय म्हणायची, "देवाने आमच्या अक्कांच्या जिभेवर निखारा ठेवला आणि बोटांवर लोणी." जिच्या तोंडाला माणसं भीत, तिच्या हातून जखम धुऊन घेताना तीच माणसं डोळे मिटून गप पडून राहत. दुखलं म्हणून कोणी ओरडल्याचं ऐकिवात नाही.

आणखी एक होतं. इतकी वर्षं रागावली, पण स्वतःसाठी कधी नाही. रोग्याचं पांघरूण मळकं आहे, सफाईवालीला सुट्टी मिळत नाही, कोणाच्या म्हाताऱ्याला सून उपाशी ठेवते, असल्या गोष्टींवर तिचा राग खर्च व्हायचा. स्वतःच्या वाट्याला आलेलं ती मुकाट्याने गिळायची. म्हणून गाडीचं प्रकरण झालं तेव्हा घरातल्यांना वाटलं, दोन दिवस धुसफुस होईल आणि विझेल. तिथेच त्यांचा हिशेब चुकला.

नोकरी संपल्यावर अक्काने घरोघर जाऊन अंथरुणावरच्या रोग्यांच्या जखमा बांधायचं काम धरलं होतं. लग्न केलं नव्हतं; धाकटा भाऊ, भावजय आणि ती, असं तिघांचं घर. जुनी गाडी डबडं झाली तेव्हा भाऊ-बहिणीने मिळून नवी घेतली. कागद भावाच्या नावावर, चाव्या दोन. एक भावाच्या खिशात, एक अक्काच्या कापसा-पट्ट्यांच्या पिशवीत. सकाळी ती देवाचं नाव घेऊन गाडी काढायची आणि दुपारपर्यंत शहराची चार टोकं गाठून यायची.

भाऊ विमा कंपनीत होता. अपघात झालेल्या गाड्यांच्या फोटोंवरून चूक कोणाची हे ठरवायचं, हे त्याचं काम. टेबलापाशी बसून, फोटो मोठा करून, चहाचा घोट घेत घेत तो सांगायचा, "हा डावीकडून घुसला. चूक याची." ही सवय त्याने घरीही आणली होती. दूध उतू गेलं, कप फुटला, नळ गळायला लागला, की भाऊ उठून बघायला जायचा नाही; खुर्चीतूनच निकाल द्यायचा. बहुतेक निकाल बायकोच्या नावाने लागायचे. मध्यंतरी त्याने चपलांचं कपाट मागवलं होतं, सुटे भाग जोडायचे असतात तसलं. घरात जागा नाही म्हणून रविवारी खाली गाडीशेजारी फरशीवर पसारा मांडून स्वतःच जोडलं. शेवटी स्क्रू कमी पडले. "कंपनीने कमी पाठवले. चोर लेकाचे!" म्हणून त्याने खरमरीत तक्रार केली. कपाटाचं एक दार तेव्हापासून मान टाकल्यासारखं लोंबत होतं.

नव्या गाडीला पुढे काचेचा पडदा होता आणि भावाचा जीव त्या पडद्यात. बटण दाबलं की वरून पाहिल्यासारखं गाडीचं चित्र यायचं. चार चाकं, प्रत्येकाशेजारी हवेचा आकडा. कुठल्या चाकात हवा कमी झाली की ते चाक लाल व्हायचं आणि गाडी टुंग-टुंग वाजायची.

"बघ अक्का, आता चाकांना लाथा मारत बसायला नको," भाऊ म्हणाला होता. "गाडी स्वतः सांगते."

पहिल्याच महिन्यात एक गोष्ट घडली. रुग्णालयाच्या फाटकातून रुग्णवाहिका भरधाव आत येत होती. तिला वाट द्यायला अक्काने गाडी झटकन कडेला घेतली आणि डावं मागचं चाक दगडी कठड्याला घासलं. टायरला काही झालं नाही; मधल्या चकचकीत रिमवर बोटभर लांब ओरखडा उमटला. कोणी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन तिनेच सांगितलं. भावाने फोनवर फोटो काढून घेतला, मोठा करून पाहिला आणि पुढे आठवडाभर जो येईल त्याला दाखवला.

पहिलं सर्व्हिसिंग झालं. गाडी भावानेच नेली आणि आणली. त्यानंतर थोड्या दिवसांनी अक्का एका रोग्याकडे निघाली असताना गाडी टुंग-टुंग करायला लागली. पडद्यावर डावं मागचं चाक लाल. तिने वर येऊन भावाला सांगितलं.

"झालं!" भाऊ खुर्चीतून म्हणाला. "तरी मी म्हणत होतो. त्या दिवशी घासलीस ना, रिम वाकली असणार. तिथून हवा जाते."

आपण घासली होती, हे अक्काने नाकारलं कधी होतं? ती हवावाल्याकडे गेली. त्याने नळी लावली, मोजलं आणि म्हणाला, "बाई, ह्याच्यात हवा आहे की!"

तिने तिथूनच भावाला फोन लावला. "त्याचं मोजायचं यंत्र आजोबांच्या काळातलं असेल," भाऊ म्हणाला. "गाडी सांगते तेवढी भर म्हणावं."

भरली. लाल काही जाईना. दोन दिवसांनी भावाने स्वतः जाऊन आणखी भरून घेतली. चाक दगडासारखं कडक झालं, रस्त्यातला खडा न् खडा पाठीत बसायला लागला, पण पडद्यावरचं लाल तसंच. पंक्चर काढणाऱ्याने ते चाक उतरवून पाण्यात बुडवून पाहिलं. एक बुडबुडा नाही.

"पण एक सांग," अक्का म्हणाली, "मागच्यात हवा भरली की पुढच्याचा आकडा का वाढतो?"

"पुढचं चाक उन्हाने तापतं. तापलं की आकडा वाढतो. विज्ञान आहे ते."

"आणि गाडी डावीकडे ओढते ती?"

"गाडी ओढत नाही अक्का, तुझे हात ओढतात. वय होतं माणसाचं."

भावजय भांडी पुसता पुसता थांबली. अक्काच्या तोंडून आता काय निघतं म्हणून तिने पदराचं टोक दातात धरलं. पण अक्का उठून आत गेली आणि दिवसभराच्या पट्ट्या गुंडाळत बसली. एरवी गोल, घट्ट गुंडाळणारी. त्या दिवशी चार वेळा उलगडून पुन्हा गुंडाळल्या.

मग एका सकाळी तिने पिशवीत हात घातला तर चावी नाही. पिशवी उलटी केली, कापूस, कात्री, चिमटा, मलमाच्या नळ्या सगळं पलंगावर पसरलं. भाऊ दारात उभा होता.

"माझ्याकडे आहे चावी," तो म्हणाला. "रागावू नकोस. चाक खराब, हात असे. उद्या काही झालं तर? यापुढे तुला सोडायला मी येत जाईन."

"तू? तुझं ऑफिस?"

"करू काहीतरी. नाहीतर हे काम आता कमीच कर तू. किती दिवस लोकांच्या जखमा धूत फिरणार?"

हे शेवटचं वाक्य त्याने अगदी प्रेमाने म्हटलं. म्हणूनच ते जास्त लागलं. चावी गेली याचं तिला तेवढं दुःख नव्हतं. चावीबरोबर तिची सगळी सकाळ तो खिशात घालून निघाला होता. पलीकडच्या वस्तीतले वाट बघणारे रोगी, तिचा पाय वाजला की "आल्या आल्या" म्हणून उशीवरून मान उचलणारी माणसं, सगळीच त्या एका खिशात.

त्या माणसांत एक मास्तरीणबाई होत्या. शाळेत गणित शिकवलेल्या, आता कमरेपासून खाली हलता न येणाऱ्या. पाठीला अंथरुणाची जखम झालेली. सकाळी लवकर ती धुतली नाही तर पट्टी ओली होऊन चिघळायची, हे अक्काला जितकं ठाऊक तितकं कोणालाच नाही. भावाने त्या सकाळी आंघोळ केली, चहा घेतला, ऑफिसचे दोन फोन केले, मग आणखी एक केला. अक्का दारात पिशवी काखेला मारून उभी.

"चल ना!"

"आलो गं. म्हातारी कुठे पळून जाणार आहे?"

अक्काच्या कपाळाची शीर ताडताड उडाली. पण ती गाडीत बसली. रस्ताभर भाऊ स्टेअरिंग उजवीकडे दाबून चालवत होता. गाडी डावीकडे ओढत होती, त्याच्या हातातसुद्धा. अक्काने ते पाहिलं. त्याने ते पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मास्तरीणबाईंच्या खोलीत शिरताच वासानेच अक्काला कळलं. पट्टी भिजून चादरीला चिकटली होती. मुलगी कामावर निघून गेली होती. त्या कुशीवर वळायचा प्रयत्न करून करून थकल्या होत्या आणि डोळ्यांतलं पाणी कानात उतरलं होतं.

"उशीर झाला बाई," अक्का म्हणाली.

"असू दे गं. मीच जरा लवकर जागी झाले आज," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी माफी मागितल्यासारखं हसून दाखवलं. त्या हसण्याने अक्काच्या आत काहीतरी तुटलं. कोणावर आपला भार नको म्हणून जन्मभर नीट वागलेल्या बाईने, आपल्या पाठीतली आग लपवून, दुसऱ्याच्या उशिराची माफी मागावी! अक्काने कोमट पाण्याने थेंबाथेंबाने पट्टी सोडवली. बोटं लोण्यासारखीच चालली. पण ओठ असे मिटलेले की रक्त उतरून पांढरे झाले होते.

खाली भाऊ हॉर्न वाजवत होता. एकदा, दोनदा, मग लांब दाबून धरला.

अक्का तरातरा जिना उतरली. घाईत पिशवीचं तोंड उघडंच राहिलं होतं. गाडीशी पोहोचेपर्यंत चिमट्याची डबी खाली पडली आणि घरंगळत डाव्या मागच्या चाकाशी गेली. ती उचलायला अक्का खाली वाकली. वाकली ती तशीच राहिली.

रिम कोरी होती.

तिने पदराने धूळ पुसली. चाक गोल फिरून चारी बाजूंनी पाहिलं. ओरखडा नाहीच. कसा नसेल? तिनेच तर केला होता. ती उठली, पुढे गेली, डाव्या पुढच्या चाकाशी उकिडवी बसली. तिथे होता. बोटभर लांब, एका टोकाला जरासा वाकडा. आपल्या हाताने केलेली चूक माणूस विसरतो थोडाच.

"काय झालं? बस ना लवकर!" भाऊ आतून ओरडला.

अक्का आत बसली. दार हळू लावलं. तिने दार हळू लावलं हे पाहून भावाला खरं तर तेव्हाच घाबरायला हवं होतं.

"वर्कशॉपला घे," ती म्हणाली.

"आत्ता? मला ऑफिस..."

"वर्कशॉपला. घे."

वर्कशॉपचा पुढचा भाग दवाखान्यासारखा स्वच्छ होता. काउंटरमागे गळ्यात पट्टा अडकवलेला सल्लागार बसला होता. त्याने अक्काकडे पाहून हात जोडले आणि पुढचं सगळं भावाशी बोलायला लागला.

"सर, डावं मागचं चाक दाखवतंय ना? आमच्याकडे फोन आला होता तुमचा. रिमला मार बसलाय म्हणालात. मॅडम चालवतात का? होतं असं सर. नवी रिम बसवून टाकू."

"मॅडम इथे उभ्या आहेत," अक्का म्हणाली. "चाक पाहिलंत तुम्ही?"

"मॅडम, पडद्यावर दिसतंच की..."

"पडद्यावर नाही. चाक. डोळ्यांनी."

"मॅडम, सेन्सर चाकाच्या आत असतो. तो चुकीचं सांगत नाही."

"बाबू, तू पाहिलंस?" ती भावाकडे वळली. लहानपणचं नाव चारचौघांत ऐकून भाऊ गडबडला.

"अगं फोटो आहे ना माझ्याकडे."

"फोटो!" आणि मग निखारा बाहेर पडला. "जन्मभर फोटो बघून लोकांच्या चुका ठरवल्यास, सख्ख्या बहिणीचीही तशीच ठरवलीस? इतके दिवस माझे हात वाकडे, माझं वय झालं, माझी रिम, माझा ओरखडा! एकदा, एकदा तरी गुडघे वाकवून खाली बघावंसं वाटलं नाही तुला? रोज त्या चाकाला वळसा घालून गाडीत बसतोस! आणि तुम्ही हो, गळ्यात पट्टा घालून बसलाय, न बघता नवी रिम बसवायला निघालात? मी न बघता कोणाच्या पाठीला मलम लावलं असतं तर तुरुंगात असते आत्ता! चला बाहेर. दोघंही. उठा!"

बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकांनी हातातली मासिकं खाली केली. सल्लागार उठला. ती उठ म्हणाली की डॉक्टरसुद्धा उठत, हा बिचारा किस झाड की पत्ती.

बाहेर तिने भावाला गाडीत बसवलं. "पडदा लाव. चारही आकडे दिसू देत. डोळे त्यावरून हलवायचे नाहीत." सल्लागाराला मागच्या डाव्या चाकापाशी उभं केलं. मग स्वतः खाली बसली, हवेच्या तोटीचं टोपण काढलं, डबीतला चिमटा घेतला आणि त्याचं टोक तोटीतल्या खिळीवर दाबलं. त्या फुगून दगड झालेल्या चाकातून हवा फुस्स करून बाहेर पडली.

"कुठल्या चाकाची हवा सोडतेय मी?" तिने विचारलं.

"मागच्या. डाव्या," सल्लागार म्हणाला.

"बाबू, कुठला आकडा उतरतोय?"

भाऊ आणखी पुढे वाकून पडद्याकडे बघत होता.

"बाबू!"

"थांब, अजून काही... आता उतरला," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "पुढचा. डावा पुढचा उतरतोय."

अक्काने चिमटा उचलला. हवेचा आवाज थांबला. सल्लागाराने मानेवरचा घाम पुसला आणि जे सांगितलं ते असं: सर्व्हिसिंगच्या वेळी चाकं सारखी झिजावीत म्हणून पुढची मागे आणि मागची पुढे बसवतात. तशी यांचीही बसवली. प्रत्येक चाकातला सेन्सर चाकाबरोबर जातो. कुठलं चाक आता कुठे आहे हे गाडीला नव्याने शिकवावं लागतं. ते शिकवायचं राहून गेलं. गाडी अजून जुन्याच जागा धरून बसली होती.

"म्हणजे हवा पुढच्या चाकातून जात होती," अक्का म्हणाली, "आणि आम्ही मागच्यात भरत होतो."

"हो मॅडम."

"आणि मी पुढचं चाक अर्धं बसलेलं असताना रोज रस्त्यावर."

"सॉरी मॅडम."

"सॉरी काय सॉरी! वळणावर गेले असते तर फुलं घेऊन आला असतात सॉरी म्हणायला!"

"पण अक्का," भाऊ गाडीतून उतरत म्हणाला, पडलो तरी नाक वर ही त्याची जन्माची खोड, "म्हणजे हवा गेली ती ओरखड्याच्याच चाकातून ना? मग मूळ मुद्दा तर..."

अक्काने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने वाक्य तिथेच सोडलं. पण मनात तिच्याही पाल चुकचुकली. खरंच आपल्याच ओरखड्यामुळे असेल तर? असेल तर असेल, तिने ठरवलं. देवाला माहीत आहे, मी लपवलं नव्हतं. ती म्हणाली, "उतरवा ते चाक. माझ्यासमोर."

चाक उतरवलं. रिम सरळ होती, ओरखडा नुसता वरवरचा. चाक हाताने फिरवताना टायरच्या खाचेत काहीतरी चमकलं. पकडीने उपसून काढलं आणि अक्काच्या तळहातावर ठेवलं. एक बुटका पितळी स्क्रू. डोक्यावर चांदणीसारखी खाच.

भावाने तो पाहिला. पुढे वाकून पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरलेल्या टायरसारखा झाला. चपलांच्या कपाटाचे सगळे स्क्रू तसलेच होते. गाडीशेजारच्या फरशीवर, त्याच्या हातून सांडलेले.

"कंपनीने कमी पाठवले, नाही का रे?" अक्का म्हणाली. "चोर लेकाचे."

सल्लागाराला हसू आवरेना. त्याने खोकल्याचा बहाणा केला. पण अक्का हसली नाही. तिने तो स्क्रू कापसात गुंडाळून पिशवीत टाकला आणि हात पुढे केला.

"चावी."

"अगं, घरी गेल्यावर देतो ना..."

"इथे. ह्यांच्यासमोर. घेताना मला विचारलं होतंस?"

भावाने खिसा चाचपला. तिची चावी त्याच खिशात होती. कुठे ठेवायला त्याला सवडही झाली नव्हती. त्याने ती तिच्या हातावर ठेवली. "सेन्सरने घोटाळा केला सगळा," एवढंच म्हणाला.

"सेन्सर मुका बिचारा. त्याने चाक चुकवलं. माणूस चुकवायला तू होतास ना."

पंक्चर काढून झालं, गाडीला चाकं पुन्हा शिकवून झाली. परत येताना अक्काने चालवली. गाडी सरळ गेली, सुतासारखी. भाऊ शेजारी मांडीवर हात ठेवून बसला होता. ती त्याच्याशी बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. भावजयीने मध्यस्थी करून पाहिली: "अक्का, सोडा ना आता, यांनी कालपासून नीट खाल्लं नाही." अक्का म्हणाली, "मास्तरीणबाईंनी ओल्या पट्टीवर पडून माझी माफी मागितली. आधी त्यांच्याकडे जाऊन ये म्हणावं त्याला, मग जेव म्हणावं." भाऊ खरंच गेला. काय बोलला कोणास ठाऊक. मास्तरीणबाईंनी एवढंच सांगितलं की दारात उभा राहिला, पाणी प्यायला आणि खिडकीची अडकलेली कडी दुरुस्त करून गेला.

तो जाऊन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने पिशवी मागच्या सीटवर ठेवली, देवाचं नाव घेतलं आणि गाडी सुरू केली. पाहते तर भाऊ ऑफिसच्या कपड्यांत खाली आलेला. तिच्याकडे न बघता तो मागच्या डाव्या चाकाशी गेला, पँट वर ओढून, गुडघे कडाकड वाजवत खाली बसला आणि चाकावरून हात फिरवला. मग उजवं मागचं. मग पुढचं. प्रत्येक चाकाच्या खाचांत बोट घालून बघत तो तीन चाकं फिरला. वर भावजय खिडकीत येऊन उभी राहिली.

शेवटचं चाक राहिलं, डावं पुढचं. तिथे तो जास्तच वेळ बसला. ओरखड्यावर अंगठा फिरवत होता. अक्काने आरशात तोंड पाहिलं, अजून रागावलेलंच होतं. रागावलेलंच राहू दिलं. मास्तरीणबाईंची वेळ होत आली होती. तिने तळहात हॉर्नवर ठेवला आणि दाबला. एकदा, दोनदा, मग लांब दाबून धरला.

भाऊ दचकून मागे फरशीवर बसला. खिडकीतून भावजयीचं हसू खाली आलं. अक्काने गिअर टाकला.

"हो बाजूला," ती काच खाली करून म्हणाली. "म्हातारी वाट बघतेय."